दोन मिनिटं थांबायला सांगा

या अंकासाठी लिहा म्हणून संपादकांचा फोन आला, तेव्हा त्यांना चोर-दरोडेखोरांच्या गोष्टी हव्या होत्या. पोलीस खात्याच्या बिनतारी विभागात चौतीस वर्षं काढलेला माणूस, म्हणजे त्याच्याकडं दंगली, खून, पाठलाग असणारच. आहेतही. पण मी ते लिहिणार नाही. मी रागात आहे. वर्ष होऊन गेलं तरी हा राग उतरलेला नाही, आणि डोक्यात राग असताना दुसऱ्याच गमतीजमती लिहीत बसणं मला जमत नाही. नांदेडातल्या एका शाळेच्या सभागृहात नऊ मिनिटं चाळीस सेकंदांचं जे मातेरं झालं, त्याचा हा राग आहे. त्यातला थोडा माझ्यावरही आहे, तेही पुढं येईल.

आधी आमचं काम सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मोबाइलवर दोघं एकाच वेळी बोलू शकतात, एकाच वेळी भांडूही शकतात. वायरलेसवर तसं नसतं. हातातल्या माइकला एक बटण असतं. ते दाबलं की तुम्ही बोलायचं, सोडलं की ऐकायचं. ज्यानं बटण दाबलंय त्याला दुसऱ्याचं काही ऐकू येत नाही, आणि बाकीच्यांना तो सोडेपर्यंत गप्प बसावं लागतं. म्हणून आमच्याकडं पहिल्या दिवशी शिकवतात की काय बोलायचं ते आधी मनात ठरव, मग बटण दाब, थोडक्यात सांग आणि सोड. याहून जास्त अक्कल या कामाला लागत नाही. पण एवढी अक्कल किती लोकांना नसते, हे मी चौतीस वर्षं कानांनी ऐकलं.

उदगीरकडच्या एका चौकीत एक जमादार होते. दुपारी जेवण झालं की ते माइक मांडीवर ठेवून डुलक्या घ्यायचे. एकदा बटण मांडीखाली दाबलं गेलं आणि अख्ख्या लातूर जिल्ह्यानं वीस मिनिटं त्यांचं घोरणं ऐकलं. त्या वीस मिनिटांत जिल्ह्यात कुणालाच कुणाशी बोलता आलं नाही. शेवटी जीप पाठवून त्यांना उठवावं लागलं. त्यांच्यावर मी रागावलो नाही, ते झोपलेले होते. माझा राग जागेपणी बटण दाबून बसणाऱ्यांवर आहे.

गोदावरीला पूर आला होता तेव्हाची गोष्ट. धर्माबादच्या बाजूला एका गावात तीस-चाळीस माणसं शाळेच्या छतावर चढून बसली होती आणि तिथल्या हवालदाराच्या सेटची बॅटरी संपत आली होती. तो मला नेमकी जागा सांगायला लागला तोच मध्ये विश्रामगृहातून एका मोठ्या साहेबांच्या माणसानं बटण दाबलं. साहेब पाहणीला निघालेत, जेवणात तिखट कमी ठेवा, दही आंबट नको, असं चाललं होतं. मी इकडं बोंबलत होतो, पण त्याला ऐकू येणार कसं? त्यानं बटण सोडलं तोवर हवालदाराचा आवाज गेला होता. ती माणसं वाचली, पण ती गावकऱ्यांनी गूळ करायच्या काहिलीत बसवून एकेक करून काढली म्हणून. मी झाल्या प्रकाराचा सविस्तर अहवाल लिहिला. आमच्या साहेबांनी बोलावून घेतलं, हा कागद कशाला ठेवता म्हणाले. मी "जी सर" म्हणालो आणि त्यांच्यासमोर फाडला. हे लिहून ठेवतोय, कारण मी कोणत्या मातीचा आहे ते वाचणाऱ्यानं ओळखलेलं बरं.

निवृत्त झालो तरी कानाची सवय जाईना. हौशी रेडिओची परीक्षा देऊन परवाना काढला, नांदेडच्या घरावर अँटेना चढवली आणि जगभरच्या आपल्यासारख्या रिकामटेकड्यांशी बोलायला लागलो. बायको म्हणायची, घरात तोंड उघडत नाहीत आणि ब्राझीलच्या माणसाशी तासभर हवामानावर बोलतात. तर या नादाची बातमी जोशी मॅडमपर्यंत गेली. मॅडम एका खाजगी मराठी शाळेत विज्ञान शिकवायच्या. अंगानं किरकोळ, पण एखादी गोष्ट डोक्यात घेतली की सोडायच्या नाहीत. अंतराळस्थानकात राहणाऱ्या माणसांशी शाळेतल्या मुलांना रेडिओवरून बोलता येतं, त्यासाठी अर्ज करावा लागतो, एवढं त्यांनी वाचून काढलं होतं आणि रेडिओवाला म्हणून त्या माझ्या दारात आल्या होत्या.

अर्ज मंजूर व्हायला वर्षाच्या वर गेलं. ते स्थानक पृथ्वीभोवती फिरत असतं. नांदेडहून लातूरला बस तीन तास घेते, ते वीसेक सेकंदांत जातं. आपल्या डोक्यावरून ते जातं तेव्हा एका क्षितिजावरून उगवून दुसऱ्या क्षितिजाखाली बुडेपर्यंतच बोलता येतं. आमच्या वाट्याला नऊ मिनिटं चाळीस सेकंद आली होती. वरच्या माणसाचा दिवस मिनिटामिनिटानं बांधलेला असतो. आपली वेळ चुकली तर दीड तासानं ते स्थानक पुन्हा येईल, पण ती व्यक्ती दुसऱ्या कामाला लागलेली असेल. परत वेळ हवी तर परत अर्ज. म्हणून मुलांचे प्रश्न आधी पाठवतात, मुलं ओळीनं उभी करतात आणि महिनाभर सराव घेतात. मी तो घेतला. वीस मुलं होती. प्रश्न विचारायचा, "ओव्हर" म्हणायचं, बटण सोडायचं, बाजूला व्हायचं. आठवड्याभरात ती पोरं माझ्या खात्यातल्या निम्म्या लोकांपेक्षा शहाणी झाली होती.

तारीख ऑक्टोबरच्या अखेरची मिळाली. जोशी मॅडमनी मुलांना सांगितलं की परदेशात या दिवसांत हॅलोविन नावाचा सण असतो, लोक भुताखेतांची सोंगं घेतात, लहान मुलं घरोघर जाऊन गोळ्या-चॉकलेट मागतात, आणि स्थानकातली माणसंही तो साजरा करतात. मुलांना हे फार आवडलं. आपल्यात भूत म्हटलं की दार लावून घेतात आणि हे हौसेनं भूत होतात, तेही आभाळात जाऊन. सोंगाचे कपडे कुठून आणतात, भोपळा नेतात का, तरंगत असताना दबा धरून कसं बसतात, असले प्रश्न पोरं विचारत होती. मलाही गंमत वाटत होती.

शिवकन्येला गंमत वाटत नव्हती. आठवीतली मुलगी. अर्धापूरच्या बाजूच्या एका वस्तीवरून रोज एसटीनं यायची. बाप माधव केळीचा टेम्पो चालवायचा, आई मंगल केळीच्याच बागांत कामाला जायची. एकदा सराव संपला, बाकीची पोरं पळाली आणि ती मागं राहिली. तिनं मला विचारलं, वरची माणसं बोलतील ते टेप होतं का. होतं म्हणालो. मग तिनं विचारलं, ते तिला मिळेल का. कशाला म्हणून विचारलं, तर तिनं खाली बघत सगळं सांगितलं.

वर्षभरापासून त्यांच्या घराच्या पत्र्यावर दगड पडत होते. वाळत घातलेले कपडे जळालेले निघायचे. मला विचाराल तर हे शेजारच्या कुणाचं तरी काम, पण वस्तीनं त्याला भानामती ठरवलं आणि मंगलच्या माथी मारलं. गावातल्या देवऋषीनं सांगितलं, हे वरून येतंय आणि या बाईत येऊन बसलंय. झालं. दर अमावस्येला माधव बायकोला त्याच्याकडं न्यायचा. मिरचीची धुरी, केस धरून ओढणं, काय विचारू नका. आता दिवाळीच्या अमावस्येला मोठी परीक्षा ठरली होती. उकळत्या तेलातून नाणं काढायचं. बाई निर्दोष असली तर हात भाजत नाही म्हणे. पोरीनं हे सांगताना आवाज हलू दिला नाही.

"तेल काय माणूस वळखतंय का, काका?" तिनं विचारलं.

 मग तिनं सांगितलं की ती बापाशी भांडली होती. वरून येतंय म्हणता ना, मग वर राहणाऱ्या माणसालाच विचारते, असं म्हणाली. आणि माधवनं कबूल केलं होतं. वरचा माणूस स्वतः म्हणाला की वर असलं काही नाही, तर आईला न्यायचं नाही. तो स्वतः ऐकायला येणार होता, आणि टेप तिला वस्तीला ऐकवायची होती. म्हणून तिला हॅलोविनचा प्रश्न हवा होता. तुम्ही भुताची सोंगं घेता तेव्हा कुणी खरंच घाबरतं का, आणि खरं भूत वर कधी दिसलं का, एवढंच तिला विचारायचं होतं.

इथं माझी पहिली चूक झाली. जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि मी खात्यातला माणूस. मी त्याच संध्याकाळी ठाण्यात जायला हवं होतं. पण मला त्या पोरीची युक्ती आवडली. वाटलं, हे एवढं होऊ दे, बाप आपणहून ऐकेल, कुणाला फरफटायला नको. जोशी मॅडमना मी सगळं सांगितलं. त्यांनी तिथंच तिचं नाव यादीत पहिलं केलं.

शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष म्हणजे दादासाहेब. खरं नाव लिहीत नाही, अशी माणसं दर तालुक्यात आहेत. त्यांनी यादी पाहिली आणि म्हणाले, पहिलाच प्रश्न भुताचा, संस्थेची काय शोभा राहिली? त्यांनी शिवकन्येला बाराव्या नंबरवर टाकलं. वर आणले ते कार्यक्रमाला बोलावलेल्या प्रमुख पाहुण्यांच्या नात्यातले आणि संस्थेतल्या बड्यांच्या घरचे. मी म्हणालो, बारापर्यंत पोचू, पण वेळ पाळली तरच. दिवाबत्ती, सत्कार, भाषणं सगळी अकराच्या आत नाहीतर साडेअकरानंतर. अकरा वाजून एकवीस मिनिटांनी स्थानक उगवेल, मग मध्ये काही चालणार नाही. कागदावर लिहून दिलं. दादासाहेब "हाव, हाव" म्हणाले आणि कागद खिशात टाकला.

कार्यक्रमाच्या दिवशी सुट्टी असूनही सभागृह भरलं होतं. गच्चीवर अँटेना, व्यासपीठाच्या कोपऱ्यात माझं टेबल. माधव मागच्या रांगेत बसला होता, धुतलेला सदरा घालून, हात मांडीवर. मंगल आली नव्हती. अमावस्या तीन दिवसांवर होती.

प्रमुख पाहुणे साडेदहाला यायचे ते अकरा वाजून पाच मिनिटांनी आले. दारात हलगी. मग दीपप्रज्वलन. पंख्याच्या वाऱ्यानं वात पेटेना, आणि पंखा बंद करावा हे सात जणांपैकी एकालाही सुचेना. मग सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा. पाहुण्यांचा झाला, दादासाहेबांचा झाला, देणगीदारांचा सुरू झाला. फेटा बांधणारा माणूस फार मन लावून बांधत होता. पाहुण्यांचं भाषण सुरू झालं तेव्हा, अकरा वाजून अठरा मिनिटांनी, मी व्यासपीठाच्या कडेला गेलो आणि घड्याळ दाखवलं. दादासाहेब माझ्याकडं वाकले.

"अहो, दोन मिनिटं थांबायला सांगा की त्यांला. पाहुणे बोलून राहिले."

हे वाक्य मी आयुष्यात विसरणार नाही. कुणाला थांबायला सांगू? आभाळाला? या लोकांनी आजवर एसटी थांबवली, लग्नाचे मुहूर्त थांबवले, परीक्षा थांबवल्या, सरणावरचा अग्नीसुद्धा साहेब येईस्तोवर थांबवलेला मी पाहिला आहे. आपल्यासाठी कुणीतरी थांबत नाही, असं काही जगात असतं हे त्यांच्या डोक्यातच येत नाही. त्यांनी हे मला चेष्टेनं सांगितलं नव्हतं, त्यांना खरंच वाटत होतं की आपला माणूस सांगेल आणि ते थांबतील.

मी टेबलावर परतलो. एकवीसला कानात खरखर झाली आणि त्यातून बाईचा आवाज आला. अगदी स्वच्छ. ती आमच्या रेडिओ केंद्राचं नाव घेऊन हाक मारत होती.  मी उत्तर दिलं, स्पीकर सुरू केला, सभागृह एकदम शांत झालं. पाहुण्यांचं भाषण आपोआप बंद पडलं, तेवढंच त्यातलं बरं. मी पहिल्या मुलाला पुढं घेणार, तोच दादासाहेबांनी माझ्या हातातून माइक घेतला आणि पाहुण्यांना दिला. म्हणाले, आधी साहेब शुभेच्छा देतील.

पाहुण्यांनी बटण दाबलं. दाबलं ते दाबलंच. मराठवाड्याच्या पावन भूमीतून सुरुवात झाली. संतांची भूमी झाली, शिक्षणमहर्षी झाले, आपल्या कारकिर्दीतले रस्ते झाले. ती बाई तिकडून काही बोलली असेल तरी आम्हाला कळणार नव्हतं, कारण यांनी बटण सोडलं नव्हतं. वर बसलेल्या बाईला मराठी येत नाही हेही कुणाच्या मनात आलं नाही. मी घड्याळ पाहत होतो. एक मिनिट गेलं, दोन गेली, तीन गेली. माझ्या हातापासून सेटची वायर वीतभर लांब होती. उपटली असती तर काम झालं असतं. मी उभा राहिलो. हात मागं बांधून, सावधान उभा राहिलो, चौतीस वर्षं उभा राहिलो तसा. ही माझी दुसरी चूक, आणि हिला मी माफी देत नाही. जोशी मॅडम माझ्याकडं बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते माझ्यामुळं होतं.

साडेचार मिनिटांनी त्यांनी माइक खाली ठेवला, टाळ्या झाल्या. टाळ्यांत ती बाई काय म्हणाली ते गेलं. मग पाहुण्यांच्या नातवाचा प्रश्न, मग पुतणीचा, मग आणखी एकाचा. तुम्ही वर काय खाता, तुम्हाला झोप लागते का, भारतातल्या विद्यार्थ्यांना काय संदेश द्याल. बाई मनापासून उत्तरं देत होती. शेवटचं मिनिट राहिलं तेव्हा कुठं माझा हात हलला. मी यादी बाजूला सारली, आठ मुलांना ओलांडून शिवकन्येचा दंड धरला आणि तिला माइकपाशी आणलं. दादासाहेब काहीतरी म्हणाले, मी ऐकलं नाही.

तिनं प्रश्न विचारला. इंग्रजीत, पाठ केलेला, एकही शब्द न चुकता. ओव्हर म्हणाली आणि बटण सोडलं. तिच्याइतकं नीट त्या दिवशी कुणी बोललं नव्हतं.

वरून आधी हसण्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, शिवकन्या, किती छान प्रश्न. हो, आम्ही याच आठवड्यात सोंगं घेणार आहोत, आमच्यातला एक जण तर मागच्या वेळी सामानाच्या पिशवीत लपून बसला होता. आणि खऱ्या भुतांचं म्हणशील तर मी तुला सांगते... एवढ्यावर खरखर आली. आवाज पातळ झाला आणि गेला. मी तीनदा हाक मारली. स्थानक क्षितिजाखाली गेलं होतं.

लोकांना वाटलं कार्यक्रम संपला, ते टाळ्या वाजवायला लागले. माधव मागून चालत टेबलापाशी आला. त्यानं इंग्रजीतलं काही कळलं नाही म्हणून सरळ मलाच विचारलं.

"काय म्हनल्या त्या, काका? हाय का न्हाई?"

शिवकन्या माझ्याकडं बघत होती. तिचा चेहरा मी इथं लिहू शकत नाही. एक शब्द पुरला असता. "नाही" एवढाच. पण न मिळालेला निरोप मिळाला म्हणून पुढं द्यायचा नाही, हे माझ्या हाडात मुरलेलं. मी खरं सांगितलं की उत्तर पूर्ण ऐकू आलं नाही. वर काही नसतं, हे मी माझ्या तोंडानं सांगायला गेलो, पण माधव म्हणाला, तुमी कुठं वर गेलते? आणि पोरीला घेऊन निघून गेला. दादासाहेबांना थांबा म्हणायची ज्याची हिंमत झाली नाही, त्या माणसाला नियम तेवढा आठवला. माझी मलाच शिसारी आली.

त्या दुपारी जोशी मॅडम आणि मी वस्तीवर गेलो. माधव मान हलवत राहिला, नेत नाही म्हणाला. आम्ही विश्वास ठेवला, ठाण्यात गेलो नाही. अमावस्येला त्यानं मंगलला नेलं. उजवा हात मनगटापर्यंत भाजला.

मी दवाखान्यात गेलो तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. तक्रार देऊ म्हणालो, तर म्हणाली, नको भाऊ, मालक बी अडकतेल. माधव बाहेर पायरीवर बसून होता. त्याला चार शब्द सुनावले, त्यानं ऐकून घेतले. त्यानं मला उलटून काही म्हणायला हवं होतं.

इकडं जोशी मॅडमनी त्या अंतराळवाल्यांना मेल पाठवून प्रश्नाचं उत्तर मागितलं होतं. दिवाळी होऊन दोन आठवडे झाल्यावर ते आलं. त्या बाईनं स्वतः लिहिलं होतं. कागद घेऊन मी वस्तीवर गेलो. मंगल हात फडक्यात बांधून ओसरीवर बसली होती, शेजारी शिवकन्या. माधव टेम्पोचं चाक बदलत होता. मी वाचायला सुरुवात केली.

त्या बाईनं लिहिलं होतं, सोंगाचे कपडे काही महिने आधी मालवाहू यानातून येतात, नाहीतर आम्ही हाताशी असेल त्यातून करतो. टॉवेल, चिकटपट्टी, पिशव्या. यंदा एक जण पांढऱ्या पट्ट्या गुंडाळून मढं झाला होता आणि छताला पाय लावून उलटा उभा राहून आमची वाट बघत होता. भोपळा नाही, म्हणून संत्र्यावर डोळे-तोंड काढलं. खाली फोटो पाठवले, चॉकलेट वाटून खाल्लं. वर खरं भूत नाही. मी इथं नवी आले त्या दिवसांत एकदा झोपेत काहीतरी माझ्या तोंडाला लागलं, मी किंचाळले, दिवा लावला, तर माझाच मोजा तरंगत आला होता.

मंगल हसली. दवाखान्यातून आल्यापासून ती पहिल्यांदा हसली, असं पोरगी नंतर मला म्हणाली. मग तिनं विचारलं, सण झाल्यावर काढतेत का ते कपडे? काढतात म्हणालो, तासाभरात काढून पुन्हा कामाला लागतात, असं लिहिलंय.

"अन् मंग कोनी म्हनत न्हाई, तू भूत हायस म्हनून?"

"नाही म्हणत."

 मग तिनं मान वळवून माधवकडं बघितलं आणि त्याला म्हणाली, "मंग मला कवा काढू देनार?"

माधवच्या हातातला पाना तसाच राहिला. त्याला वरून उत्तर हवं होतं, ते कागदावर आलं होतं, पण तो कागदाकडं बघतही नव्हता. मंगल उठली, चपला घातल्या आणि मला म्हणाली, चला भाऊ, कुठं लिवायचं ते लिवू. शिवकन्येनं दार ओढून घेतलं. माधवनं चाकाचे नट आवळले आणि टेम्पो सुरू केला. आपलंही नाव त्या तक्रारीत येणार हे त्याला माहीत होतं, तरी तोच आम्हाला ठाण्यात घेऊन गेला.

ठाण्यात टेबलावर एक तरुण हवालदार होता. अर्जावर मंगलनं डाव्या हातानं सही केली होती, सातवी शिकलेली बाई, सही वाकडीतिकडी आली. त्यानं तिचं पॅन कार्ड पाहिलं आणि अर्ज सरकवला. सही जुळत नाही म्हणाला. साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या सकाळी या, जरा थांबा.

मी चौतीस वर्षं अशा टेबलांसमोर "जी" म्हणत आलो. त्या दिवशी टेबलावर हात आपटला. एवढ्या जोरात, की आतली माणसं बाहेर आली. मी त्याला अरे-तुरे केलं, तेही लिहितो. "तिच्या उजव्या हाताला काय झालं तेच सांगायला ती आलीय. ती उद्या येणार नाही. साहेब नसतील तर तू लिही. आत्ता लिही."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग तिच्या हाताकडं पाहिलं. खुर्ची पुढं केली, नोंदवही उघडली. मंगल बसली आणि पत्र्यावर पहिला दगड पडला त्या दिवसापासून सांगायला लागली. माधव भिंतीला टेकून उभा होता. पाऊण तास ती बोलत होती आणि मध्ये कुणी बोललं नाही.